मोफत मोबाइल, फुकट टॅब, लकी ड्रॉ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडच्या एसटी स्टँडजवळ माझं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. स्क्रीन गार्ड बसवायला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता फोन पुढे करतं आणि हळू आवाजात विचारतं, "हे जरा बघा की, खरं असंल का?" दिवाळीच्या आधी महिनाभर तर असे रोज चार-पाच जण येतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे एकदाच लिहून काढलं.

फुकट मोबाइल खरंच कुणी देतं का?

देतं. "सगळं खोटंच असतं" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, कारण त्यांचा शब्द एकदा चुकला की लोक त्यांचं पुढचं काहीच ऐकत नाहीत. नवं मॉडेल बाजारात आणताना कंपन्या स्पर्धा घेतात. वर्तमानपत्रं कुपनं कापून चिकटवायला लावतात आणि शेवटी सोडत काढतात. नवरात्रात मंडळांच्या 'खेळ पैठणीचा'मध्ये फ्रीज, टीव्ही, मोबाइल खरोखर वाटले जातात. पण यातल्या प्रत्येक वस्तूचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात, आणि कुणी मोजले ते उघड दिसतं. कंपनीला जाहिरात हवी असते, पेपरला खप, आणि नेत्याला काय हवं असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून गिऱ्हाइकाने फोन पुढे केला की मी आधी एवढंच विचारतो: या फोनचे पैसे कोण भरतंय, आणि त्याच्या पदरात काय पडतंय? याचं उत्तर दिसलं तर पुढे बघू. दिसलं नाही, तर भरणारे तुम्हीच.

याचं एखादं खरं उदाहरण?

माझ्या पाहण्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००४ साली तिथे 'फ्रीआयपॉड्स' नावाची वेबसाइट निघाली. ग्रॅटिस इंटरनेट नावाची कंपनी ती चालवायची. अट अशी की आधी तुम्ही त्यांच्या एखाद्या जाहिरातदाराची ऑफर घ्यायची, म्हणजे क्रेडिट कार्ड किंवा एखाद्या सेवेचं चाचणी सदस्यत्व. मग पाच मित्रांना आणायचं आणि त्यांनीही तेच करायचं. एवढं झालं की आयपॉड, म्हणजे गाणी ऐकायचं यंत्र, घरी. सगळ्यांनी फसवणूक म्हणून नाकं मुरडली, पण लोकांच्या घरी खरोखर आयपॉड आले! हिशेब साधा होता. नवं गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल जाहिरातदार वेबसाइटला पैसे द्यायचे. सहा जणांचे पैसे मिळून अडीचशे-तीनशे डॉलरच्या आयपॉडचा खर्च निघायचा, वर नफाही उरायचा.

म्हणजे खरं निघालं? थांबा. २००६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे त्या राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, त्या कंपनीवर दावा ठोकला. लोकांची माहिती कुणालाही विकणार नाही असं वचन देऊन सुमारे ७० लाख लोकांची माहिती विकली, असा आरोप होता. ज्यांना आयपॉड मिळाला ते त्यात होते, आणि पाच मित्र गोळा करता करता थकलेलेही होते. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, व्हॅल्यूक्लिक या दुसऱ्या कंपनीला 'फ्री लॅपटॉप, फ्री आयपॉड' अशा जाहिरातींच्या प्रकरणात २९ लाख डॉलर भरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. 'फुकट' वस्तूसाठी लोकांना आधी किती पैसे घालावे लागतात हे नीट सांगितलं नव्हतं, ही त्यातली मुख्य तक्रार.

तेव्हा 'वस्तू येते का' आणि 'व्यवहार सरळ आहे का' हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

व्हॉट्सॲपवर 'कंपनीचा वर्धापन दिन, मोफत मोबाइल' अशी लिंक आली आहे. उघडू का?

नको. पण का नको ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी मला विचारावं लागणार नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनच्या नावाने अशीच लिंक घरोघरी फिरली. 'तिसाव्या वर्धापन दिनानिमित्त' चार सोपे प्रश्न, मग नऊ खोकी आणि तीन संधी. पहिलं खोकं रिकामं निघायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला मोबाइल! अ‍ॅमेझॉनची स्थापना १९९४ ची. २०२१ मधून १९९४ वजा करा, २७ येतात. चौथीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी कुणी केली नाही, कारण खोकं उघडताना छातीत धडधडत असतं. त्याच वर्षी टाटा समूहाच्या दीडशेव्या वर्धापन दिनाच्या नावाने मोटारगाडीचं आमिष फिरलं. तेही कंपनीने खोटं ठरवलं.

ती खोकी सगळ्यांना सारखीच निघतात. पहिलं रिकामं ठेवतात ते मुद्दाम, म्हणजे नशिबाचा खेळ वाटतो. खालच्या 'मला आजच मिळाला, धन्यवाद' अशा प्रतिक्रिया पानावर चिकटवलेलं चित्र असतात. त्यातल्या एखादीला लाइक करून बघा, काही होत नाही. शेवटी 'वीस जणांना किंवा पाच ग्रुपवर पाठवा' म्हणतात आणि निळी पट्टी भरत जाते. ज्यांना पाठवता त्यांना तुमच्या नावाने लिंक जाते, तुमच्यावर विश्वास ठेवून ते ती उघडतात. फुकटात हमाली करून घेतात हो. पुढे कुणाला जाहिरातींच्या पानावर नेतात, कुणाला ॲप उतरवायला लावतात, कुणाकडे कार्डाचा नंबर मागतात.

लिंक कशी वाचायची?

उजवीकडून. सुरुवातीचं 'https://' सोडा, त्यानंतर पहिली तिरकी रेघ (/) येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे सरकत दोन शब्द वाचा. ती खरी मालकी. समजा पत्त्यात आधी मोठ्या कंपनीचं नाव आहे, मग टिंब, मग 'दिवाळी-गिफ्ट', मग टिंब आणि 'टॉप'. हा पत्ता 'दिवाळी-गिफ्ट-डॉट-टॉप'वाल्याचा झाला. पुढे लावलेलं नाव म्हणजे नुसती पाटी. आपल्याकडे 'डॉट को डॉट इन' असेल तर तीन शब्द मागे जा. सरकारी संकेतस्थळाच्या शेवटी बहुतेक वेळा 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असतं.

अक्षरंही नीट बघा. २०१८ मध्ये अदिदासचे बूट फुकट वाटण्याचा जो संदेश फिरला, त्याच्या लिंकमधल्या इंग्रजी 'आय'वर टिंबच नव्हतं. मोबाइलच्या बारीक अक्षरात ते कुणाला दिसणार?

पण लिंकच्या आधी कुलपाचं चिन्ह आहे!

त्या कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या फोनपासून त्या वेबसाइटपर्यंतचा रस्ता बंद पाइपातला आहे. पलीकडच्या टोकाला कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. लोकांची हीच गैरसमजूत होते म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

पान अधिकृत दिसतंय, नावापुढे निळी टिकही आहे. मग?

निळी टिक आता विकत मिळते. ट्विटरने (आताचं एक्स) २०२२ च्या शेवटी आणि फेसबुक-इन्स्टाग्रामने २०२३ मध्ये ती दरमहा पैशांवर द्यायला सुरुवात केली. आणि विकत मिळायच्या आधी ती भरवशाची होती असंही नाही. १५ जुलै २०२० रोजी बराक ओबामा, बिल गेट्स, इलॉन मस्क आणि अ‍ॅपलची खरी खाती हॅक झाली. त्यावरून 'बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत करतो' असे संदेश गेले, आणि लोकांनी लाखभर डॉलरच्या वर रक्कम पाठवलीसुद्धा. सूत्रधार म्हणून फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा पकडला गेला.

व्हिडिओत माणूस स्वतः बोलताना दिसतो म्हणून विश्वास ठेवत असाल, तर २०२३ च्या ऑक्टोबरमधली मिस्टर बीस्टची गोष्ट ऐका. हा अमेरिकी यूट्यूबर खरोखरच गाड्या, पैसे वाटतो, सगळ्या जगाला ते माहीत आहे. नेमकं म्हणूनच त्याचा चेहरा आणि आवाज संगणकावर तयार करून 'दहा हजार लोकांना आयफोन फक्त दोन डॉलरमध्ये' अशी जाहिरात टिकटॉकवर चालवली गेली. देणारा खरा असला तर त्याची नक्कल जास्त खपते.

खातं तपासायचं तर जुन्या पोस्ट बघा. चार दिवसांपूर्वी उघडलेलं पान आणि त्यावर एकच फोटो, 'डब्याचं प्लास्टिक फाटलंय, विकता येत नाही म्हणून ५० फोन वाटतोय'. प्लास्टिक फाटलेला फोन मी दोनशे रुपये कमी करून त्याच संध्याकाळी विकेन.

फोन फुकट आहे, फक्त कुरिअर आणि टॅक्सचे पैसे मागतात. हे बरोबर आहे का?

हा सगळ्यात चलाख सापळा, कारण यात थोडं खरं मिसळलेलं आहे.

आधी कुरिअर. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राने ९ जून २०२२ ला मार्गदर्शक नियम काढले. ग्राहकाला वस्तू मिळवण्यासाठी काही पैसे द्यावे लागत असतील तर तिला 'फुकट' म्हणता येत नाही, असं त्यात आहे. अपवाद जाहिरातीला उत्तर देण्याच्या अटळ खर्चाचा आणि वस्तू आणण्या-पोचवण्याच्या खर्चाचा. म्हणजे डिलिव्हरीचे पैसे मागितले एवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही. हीच फट भामटे वापरतात.

आता टॅक्स. १० हजारांच्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर देणाऱ्यानेच आधी कापायचा असतो, हे खरं. बक्षीस रोख असेल तर कापून देतात. वस्तू असेल तर फोन कापून कसा देणार? म्हणून कायदा म्हणतो, कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय देणाऱ्याने वस्तू सोडू नये. साठ हजारांचा फोन लागला तर अठरा हजारांच्या आसपास कर झाला. बऱ्याच मोठ्या कंपन्या तो स्वतः भरतात, काही विजेत्याला भरायला सांगतात. तेव्हा 'खरी कंपनी कधीच पैसे मागत नाही' हे लोक सांगतात ते अर्धंच खरं.

फरक कुठे पडतो तर पैसे जातात कुठे यात. खरा व्यवहार असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर पत्र येतं, तुमचा पॅन घेतात, रक्कम कंपनीच्या नावाच्या खात्यात जाते आणि तो कर पुढे आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या पॅनवर दिसतो. भामटा काय म्हणतो? "सर, या नंबरवर गुगल पे करा." नाव येतं कुठल्यातरी अनोळखी व्यक्तीचं. शिवाय तो 'जीएसटी', 'एनओसी', 'आरबीआय चार्ज' असले शब्द फेकतो. बक्षिसावर विजेत्याकडून जीएसटी घेण्याची पद्धतच नाही, आणि रिझर्व्ह बँकेचा तुमच्या मोबाइलशी काडीचा संबंध नाही.

रक्कम चढत जाते हीसुद्धा खूण आहे. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी आधी ४९९ भरून बसले, मग 'विम्याचे' २,१०० आणि मग 'गाडी नाक्यावर अडलीय' म्हणून साडेसहा हजार. "आता एवढे घातलेत तर अजून थोडे घालू," असं ते म्हणाले तेव्हा मी त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला. वयाने मोठे आहेत, वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

परदेशात असलेल्या आपल्या मंडळींसाठी एक जोड: अमेरिकेत खऱ्या सोडतीला भाग घ्यायला पैसे लागत नाहीत, तशी अट घालणं बेकायदा आहे. आणि तिथे कार्डावरून पैसे जायला बरेचदा ओटीपी लागत नाही. 'एक डॉलर शिपिंग' म्हणून कार्ड दिलं की दर महिन्याला गुपचूप सदस्यत्वाचे पैसे कापले जातात.

पोस्टाने स्क्रॅच कार्ड आलंय. त्यावर माझं नाव, पत्ता, मी मागवलेली वस्तूसुद्धा बरोबर आहे. मग खोटं कसं?

ऑनलाइन खरेदीच्या याद्या गळतात आणि विकल्या जातात. तुमचं नाव त्यांना ठाऊक आहे याचा अर्थ यादी त्यांच्या हातात आहे, एवढाच. कार्ड खरवडलं की हमखास गाडी किंवा काही लाख लागतात, आणि खाली 'हेल्पलाइन' म्हणून साधा मोबाइल नंबर असतो. त्या कंपनीचा नंबर तुमच्या जुन्या बिलावरून काढा आणि तिथे विचारा. कार्डावरच्या नंबरवर विचारलं तर ते हो म्हणणारच की!

बक्षिसाचे पैसे खात्यात येण्यासाठी पिन टाकायला सांगतात.

यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो. घेताना नाही लागत, कधीच नाही.

दुकानाची 'खरेदीवर लकी ड्रॉ' योजना खरी की खोटी?

बहुतेक वेळा खरी, पण मोबाइलच्या ऐवजी तुम्हाला स्टीलचा डबा मिळणार. 'हमखास बक्षीस' लिहिलेलं असतं तिथे हमखास तो डबाच असतो. सोडत कधी, कुठे, किती बक्षिसं, हे कुपनावर छापलेलं आहे का बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जाहीर केलेलं बक्षीस न देणं, किंवा ज्याची किंमत बिलात धरलेली आहे ते 'फुकट' भासवणं, ही अनुचित व्यापार प्रथा आहे. योजना संपल्यावर निकाल लपवून ठेवणंही त्यातच येतं. तेव्हा दिवाळीनंतर जाऊन "पहिलं बक्षीस कुणाला गेलं?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आमच्याकडे महिना ५०० रुपये भरायची योजना आहे. दर महिन्याला एकाला मोबाइल किंवा गाडी, लागली की पुढचे हप्ते माफ. उरलेल्यांना शेवटी वस्तू. ही तर ओळखीच्यांची आहे.

ओळखीच्यांची आहे म्हणूनच जास्त जपा. अशा योजनांवर १९७८ च्या प्राइझ चिट्स बंदी कायद्याने देशभर बंदी आहे, अगदी संयोजक तुमचा मावसभाऊ असला तरी. गणित बघा. पहिल्या काही जणांना मिळालेल्या गाड्या मागच्यांच्या हप्त्यांतून आलेल्या असतात. निम्म्यांनी भरणं थांबवलं की योजना कोसळते, आणि शेवटी जी 'वस्तू' मिळते ती भरलेल्या पैशांच्या मानाने हलकी असते. पैसे घेऊन चालवलेली सोडत म्हणजे लॉटरी, आणि ती चालवायचा अधिकार सरकारचा. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. त्यात पैसे घालावेत असं मी म्हणत नाही, पण निदान ती कायद्यात बसते.

सरकारच्या मोफत लॅपटॉप योजनेचा फॉर्म आलाय. भरू?

२०१९ च्या जूनमध्ये दिल्ली पोलिसांनी एका उच्चशिक्षित तरुणाला पकडलं. आयआयटीतून शिकलेला! पंतप्रधानांच्या नावाने 'दोन कोटी मोफत लॅपटॉप' अशी वेबसाइट त्याने काढली होती. त्याने कुणाच्या खात्यातून पैसे काढले नव्हते. लाखो लोक पानावर येतील आणि जाहिरातींचे पैसे मिळतील, एवढाच त्याचा बेत. वर लोकांची माहिती गोळा झाली ती वेगळीच.

आता खरी योजना कशी असते ते बघा. नागपूरची 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था. ती इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा देते. पण त्याला अटी आहेत. दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, ठरलेली मुदत. अर्ज संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. खऱ्या सरकारी योजनेत कागद गोळा करता करता जीव मेटाकुटीला येतो. नाव आणि मोबाइल नंबर टाकला की लॅपटॉप, असं सरकार अजून झालेलं नाही.

जाहिरात मोठ्या कंपनीचीच आहे, तरी 'मोफत' म्हणजे किती मोफत?

२०१७ मध्ये जिओफोन 'शून्य रुपयांत' म्हणून जाहीर झाला. आधी १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. पुढे अटींमध्ये दर वर्षी किमान १,५०० च्या रिचार्जचीही अट आली. कंपनी खरी, फोन खरा. माझ्याच दुकानातून कितीतरी लोक त्यावर गाणी भरून घ्यायचे. फक्त शून्य हा आकडा शून्य नव्हता. बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावा.

याच्या अगदी उलट, 'फ्रीडम २५१'. फेब्रुवारी २०१६, २५१ रुपयांत स्मार्टफोन. वेबसाइटवर इतकी झुंबड उडाली की ती बंद पडली. पत्रकारांना दाखवलेल्या नमुना फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने झाकलेलं निघालं. त्या किमतीत नुसती स्क्रीनसुद्धा येत नाही, हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना पहिल्याच दिवशी माहीत होतं. आम्हाला विचारतो कोण?

मी नुसती माहिती भरली, पैसे दिले नाहीत. काही होईल का?

फोन वाढतील. नाव, नंबर आणि गाव दिलं असेल तर तेवढ्यावर निभावेल. आधार किंवा पॅनचा फोटो, बँकेचा तपशील दिला असेल तर पुढचे काही महिने खात्यावर लक्ष ठेवा. ॲप उतरवलं असेल, विशेषतः व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाइल, तर आधी इंटरनेट बंद करा, ते ॲप काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. ॲप निघत नसेल तर फोन दुकानात आणा. यात लाजण्यासारखं काही नाही, आठवड्याला दोन-तीन असे येतात.

पैसे गेले. आता?

आधी १९३०. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. सगळा खेळ वेळेचा आहे, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर परत मिळण्याची आशा असते. मग बँकेला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून "घरच्यांना काय सांगू" हा विचार नंतर करा, फोन आधी लावा. मेसेज, स्क्रीनशॉट, नंबर काही पुसू नका.

'पैसे परत मिळवून देतो' म्हणणाराही लवकरच फोन करेल. तो त्याच टोळीतला.

तुम्हाला कधी काही फुकट लागलंय का?

एकदा. एका ॲक्सेसरीज कंपनीने विक्रेत्यांसाठी सोडत ठेवली होती. त्यांचा फोन आला, "अभिनंदन, तुम्हाला..." एवढं ऐकताच मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा तर शिवी हासडली. चौथ्या दिवशी साताऱ्याचा डिस्ट्रिब्युटर माल टाकायला आला आणि पिशवीतून ब्लूटूथ स्पीकर काढून काउंटरवर ठेवला. म्हणाला, "अहो, फोन तरी उचला की!" अजून दुकानात तोच वाजतो. चार्जिंगची पिन मात्र दोनदा बदलली.